आमच्या क्वार्टरातले केरीसाहेब

१ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्यप्रदेश झाला आणि नागपुरातल्या कितीतरी घरांत रडारड झाली. राजधानी गेल्याचं दुःख पुढाऱ्यांचं होतं. घरातल्या बायकांचं दुःख निराळं होतं. सेक्रेटरिएटातला जो कारकून मध्यप्रदेशाच्या वाट्याला आला, त्यानं फायलींच्या मागोमाग भोपाळ गाठायचं, एवढाच हुकूम. आमचे आजोबा असे वाट्याला आले. आजीच्या कडेवर तेव्हा माझी आत्या होती, काही महिन्यांची. "पोरीला धड मान धरता येत नव्हती," आजी सांगायची. आत्या म्हणते की ती तेव्हा चांगली बसत होती. दोघींच्या या वादाचा निकाल कधीच लागला नाही.

भोपाळच्या टी. टी. नगरात तेव्हा नुसती लाल माती, अर्धवट गिलावा केलेली क्वार्टरं आणि तलावावरून येणारा बोचरा वारा. १९४९ च्या जूनपर्यंत इथं नवाबाचं राज्य होतं, त्यामुळे जुन्या शहराची बोली अस्सल भोपाळी. कोणी "को खां, कैसे हो?" म्हणून हाक मारली की आजी पदर सावरून आत पळायची. आजोबांना मात्र गंमत वाटे. हिस्लॉप कॉलेजात शिकलेला माणूस, इतिहासाचा नाद. ते म्हणायचे, "१८१२ साली भोसल्यांची आणि शिंद्यांची फौज या गावाला वेढा घालून बसली होती. वजीर मोहम्मदानं काही गाव दिलं नाही. फौज हात हलवत परत गेली. आता सव्वाशे-दीडशे वर्षांनी नागपूरनं कारकून धाडले, तर गावानं मुकाट घेतले बघा."

आमचं क्वार्टर १२५० मध्ये. भोपाळच्या बाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं की १२५० हा आमच्याकडे पत्ता आहे. तेवढी क्वार्टरं एकदम बांधली, म्हणून त्या वस्तीचं नाव तेच पडलं. तसंच पलीकडे १४६४. माणसं आकड्यांत राहतात आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

शेजारच्या क्वार्टरात रेव्हरंडकाका राहायला आले. खरं तर काकू राहायला आल्या. त्या सरकारी शाळेत शिक्षिका होत्या आणि क्वार्टर त्यांच्या नावावर होतं. काका पाद्री, मेथडिस्ट पंथाचे. दोघंही मराठी, वऱ्हाडाकडचे. परक्या गावात शेजारी आपली भाषा निघाली म्हणून आजी पहिल्याच दिवशी वाटीभर सांबारवडी घेऊन गेली आणि भिंतीवर क्रूस बघून दारातच थबकली. वाटी तिनं दिली. ती रिकामी परत आली तेव्हा दोनदा घासली, असं आत्या सांगते. आजीनं हे कधी नाकारलं नाही.

काकांच्या बैठकीत क्रूसाशेजारी काचेच्या चौकटीत त्यांची बी. डी.ची पदवी होती. शिकले ते जबलपूरला, लिओनार्ड कॉलेजात, पण कागदावर नाव सेरामपूरचं. आजीला कोणीतरी ते वाचून दाखवलं तेव्हा तिनं ते नगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर धरलं आणि साखर कारखान्याच्या गावात पाद्री कसे काय तयार होतात याचं नवल करत राहिली. मग काकांनीच एकदा खुलासा केला. हे श्रीरामपूर बंगालातलं, हुगळीच्या काठी, कलकत्त्याहून सात-आठ कोसांवर. तिथं डेन्मार्कच्या राजाची वखार होती. १८१८ साली तिथं एका इंग्रज पाद्र्यानं कॉलेज काढलं. १८२७ साली डॅनिश राजानं त्याला पदव्या द्यायची सनद दिली. पुढे १८४५ ला गाव इंग्रजांना विकलं, तरी सनद राहिली. मग १९१८ च्या कायद्यानं देशभरातल्या पाद्री घडवणाऱ्या कॉलेजांना सेरामपूरची पदवी मिळायची सोय झाली. म्हणून जबलपुरात शिकलेला वऱ्हाडी माणूस सेरामपूरचा पदवीधर.

त्या इंग्रज पाद्र्याचं नाव विल्यम केरी. काका 'केरीसाहेब' म्हणत, आणि असं म्हणत की जणू तो माणूस मागच्या महिन्यापर्यंत त्यांच्या चर्चमध्ये होता.

उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकल्या की केरीसाहेब निघायचे. भोपाळच्या जुन्या शहरात रात्री दुकानांपुढच्या पटियांवर बसून गप्पा हाणायची रीत आहे, तिला बतोलेबाजी म्हणतात. आमच्याकडे पटिये नव्हते, बाजा होत्या. आजोबा तपकीर ओढत, काका चहा घेत. त्या काळी मी लहान होतो, त्यामुळे कुठलं काकांनी सांगितलं, कुठलं आजोबांनी भर घालून सांगितलं आणि कुठलं पुढे मी पुस्तकात वाचलं, याची सरमिसळ झाली आहे. सन मात्र नंतर ताडून घेतले आहेत.

केरीसाहेबांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ चा, इंग्लंडातल्या नॉर्दॅम्पटनशरमधल्या पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात. बाप आधी विणकर, मग गावच्या शाळेचा मास्तर. पोराला चौदाव्या वर्षी जोडे शिवायच्या कामाला लावलं. तिथं ठोकाठोक करता करता तो लॅटिन, ग्रीक, हिब्रू शिकला. १७८३ मध्ये नेन नदीत बुडी देऊन त्याचा बाप्तिस्मा झाला. बॅप्टिस्ट लोकांत तान्ह्या लेकराच्या डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत; जाणत्या वयात, स्वतःच्या तोंडानं कबूल करून नदीत उतरायचं. मग मोल्टन गावी पाद्री झाला. पगार पुरेना म्हणून शाळाही चालवी आणि जोडेही शिवी. काका सांगत की पोरांना भूगोल शिकवायला त्यानं चामड्याचे तुकडे जोडून पृथ्वीचा गोल केला होता. आजोबांचं मत, ही भक्तांनी जोडलेली गोष्ट असावी. भिंतीवर नकाशा होता हे मात्र दोघांना मान्य. देशोदेशींची लोकसंख्या, धर्म, सगळं त्यावर लिहिलेलं. हाच हिशेब त्यानं १७९२ मध्ये पुस्तकात छापला आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला केटरिंग गावी बारा-चौदा जणांनी मिळून बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी काढली. वर्गणी जमली १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. तीही रोख नाही. वचनांच्या चिठ्ठ्या, आणि त्या ठेवल्या तपकिरीच्या डबीत. हे आलं की आजोबा आपली डबी वर धरून दाखवत.

एक गोष्ट काका दरवेळी सांगत. केरीसाहेब कलकत्त्यात नावारूपाला आले होते, गव्हर्नर जनरलकडे मेजवानीला बसले होते. एका लष्करी साहेबानं मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, हे पूर्वी जोडे बनवायचे ना? केरीसाहेब म्हणाले, बनवायचो कुठला, नुसते दुरुस्त करायचो. पोरं हसत, आजोबा मांडीवर थाप मारत. काका हसत नसत. एकदा, का कोण जाणे, त्यांनी गोष्ट संपवून जरा थांबून सांगितलं, "आमचा आजा हेच करायचा. मोट शिवायचा, वहाणा शिवायचा. गावात पाटलाच्या ओसरीखाली उभं राहून."

त्यावर कोणी काही बोललं नाही. आजोबांनी तपकिरीची डबी उघडून बंद केली.

आता कपाचं सांगायला हवं. आमच्या घरी काकांसाठी एक कप निराळा होता. पांढरा, काठाला हिरवी रेघ, दांडीजवळ टवका गेलेला. तो खिडकीच्या कोनाड्यात असे, फडताळात नाही. काकांना हे ठाऊक होतं. न कळायला काय झालं? घराघरातली ही रीत होती, आणि आमची आजी वाईट बाई नव्हती, एवढं सांगून मी तो कप झाकणार नाही. काकूंकडे नाताळात करंज्या आणि शेव होत, अगदी आमच्या दिवाळीसारख्या. त्यांच्या करंजीत भरड खोबरं आणि खसखस जास्त. पहिली काही वर्षं ते ताट आजी घ्यायची, "ठेवा जी" म्हणायची आणि मग ते मोलकरणीला जायचं.

काकांनी याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी आजोबांना एक गोष्ट मात्र सांगितली, आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गहू निवडत बसली असताना. केरीसाहेब १७९३ च्या नोव्हेंबरात बंगालात उतरले. सात वर्षं झाली तरी एक माणूस त्यांच्या धर्मात आला नाही. मग कृष्ण पाल नावाच्या सुताराचा हात निखळला. मिशनऱ्यांतल्या डॉक्टरनं तो बसवला आणि हा माणूस त्यांच्याकडे येऊ लागला. १८०० च्या डिसेंबरात तो हुगळीत उतरला. पण त्याच्या गावाला बाप्तिस्म्याचं एवढं वाटलं नाही. त्याच्या काही दिवस आधी तो आणि त्याचा सोबती साहेबांच्या पंगतीला बसून जेवले होते, त्यावर गावात दंगा झाला. माणसं जमून धावून आली, त्याला ओढत कोतवालाकडे नेलं. "पाण्यात बुडाला ते चाललं, भाऊ," काका म्हणाले, "ताटाला ताट लागलं ते चाललं नाही."

आजी गहू निवडत राहिली. तिनं लगेच उठून कप फोडला वगैरे काही झालं नाही. तसं सिनेमात होतं. कप आणखी दोन-तीन वर्षं कोनाड्यात होताच. मग आत्याला टायफॉइड झाला. काकू शाळेतून रजा घेऊन रात्र-रात्र उशाशी बसल्या, आजीला झोपवून स्वतः पाण्याच्या पट्ट्या बदलत राहिल्या. त्या दिवसांत कोणी कुठल्या कपातून चहा प्यायलं याचा हिशेब राहिला नाही, आणि पुढे कोणी पुन्हा मांडला नाही. हिरव्या रेघेच्या कपात नंतर आजी दळणातले खडे टाकायची. त्या वर्षीच्या करंज्या आम्ही पोरांनी खाल्ल्या. आजीनंही एक खाल्ली आणि म्हणाली, "मोहन कमी पडलं वाटते." काकूंच्या दृष्टीनं हा प्रमाणपत्राचा कागदच होता.

आजोबांचे केरीसाहेब वेगळे होते. धर्म, बाप्तिस्मा यांत त्यांना रस नव्हता. त्यांचं प्रेम एका पुस्तकावर: १८०५ साली सेरामपूरला छापलेलं मराठी भाषेचं व्याकरण.

लॉर्ड वेलस्लीनं १८०० मध्ये कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढलं, कंपनीच्या कोवळ्या साहेबांना देशी भाषा शिकवायला. केरीसाहेबांचं बंगाली तोवर पक्कं झालं होतं. १८०१ पासून ते तिथं बंगाली आणि संस्कृत शिकवू लागले. मग १८०३ चं युद्ध झालं. असई, अडगाव, देवगावचा तह. कटक गेलं, वऱ्हाड गेलं. आता मराठ्यांशी बोलायला, त्यांच्या सनदा वाचायला मराठी येणारे साहेब हवे झाले. कॉलेजात मराठी सुरू झालं आणि तेही केरीसाहेबांकडेच आलं. त्यांच्या हाताखाली पंडित होते वैजनाथ शर्मा. नागपूरचे.

हे 'नागपूरचे' आजोबा असं म्हणत की वैजनाथ महालात आमच्या वाड्याच्या मागच्या बोळात राहत असावेत. "मुलूख सोडून नोकरीपायी परप्रांतात गेलेला पहिला नागपूरकर," असंही म्हणत. पहिला कसा असेल? पण आजोबांना तो आपल्या जातकुळीचा वाटे. तोही वाट्याला आलेला.

तर हे दोघे समोरासमोर बसलेले मला आजोबांनी दाखवले आहेत. एकीकडे जोडे शिवलेला इंग्रज, लवकर टक्कल पडलेला, बुटका. दुसरीकडे नागपूरचा पंडित. पंडितानं बोलायचं, साहेबानं लिहायचं. रूपं चालवायची, अडलं की विचारायचं. आजोबांना राहून राहून एक प्रश्न पडे: या साहेबाच्या पूर्वीच्या धंद्याची खबर वैजनाथांना होती का? असली तर घरी जाऊन स्नान करत असतील का? काका म्हणत, "करत असतील. पण दुसऱ्या दिवशी येत होते ना?" केरीसाहेबांनी व्याकरणाच्या प्रस्तावनेत वैजनाथांचं ऋण मानलं आहे, यावर दोघांचंही समाधान होई.

१८०५ चं ते व्याकरण इंग्रजीत, त्यातलं मराठी बालबोध अक्षरांत. त्याच साली मत्तयाचं शुभवर्तमानही मराठीत निघालं. पण व्यवहारातलं मराठी तेव्हा मोडीत चाले, म्हणून केरीसाहेबांनी मोडीचे खिळे पाडून घेतले. पंचानन कर्मकार या बंगाली लोहारानं सेरामपूरला अक्षरांची ओतशाळा उभी केली होती. त्याच्यामागं त्याचा जावई मनोहर ते काम बघे. मोडीसारखी लपेटी लिपी, हात न उचलता लिहायची, तिचं एकेक अक्षर सुटं करून पोलादाच्या ठशावर उलटं कोरायचं! आजोबा रेकॉर्डमध्ये काम केलेले, मोडी फडाफडा वाचणारे. ते आमच्या पाटीवर मोडीचा 'क' काढून दाखवायचे आणि विचारायचे, "हा उलटा काढ बघू." कोणालाच यायचं नाही. आजोबांनाही नाही.

१८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश निघाला, त्यातलं मराठी मोडीत. १८११ ला नवा करार. पुढे वैजनाथांच्या हातची सिंहासनबत्तिशी, हितोपदेश, आणि रघूजी भोसल्यांची वंशावळही. आजोबांचा ऊर भरून येई, पण ते खरं सांगायचे: ते मराठी पुण्या-मुंबईच्या लोकांना फारसं रुचलं नाही. मुंबईच्या मिशनऱ्यांनी पुढे आपली निराळी भाषांतरं केली आणि १८३१ ला मोल्सवर्थचा कोश आल्यावर केरीसाहेबांचा कोश मागं पडला. "नागपूरकराचं मराठी पुण्याला कधी पटलंय?" असं म्हणून आजोबा तो विषय बंद करीत. आजी आतून ओरडायची, "काऊन पटंल?"

मला त्या वेळी आवडायची ती आगीची गोष्ट. ११ मार्च १८१२, संध्याकाळची वेळ. केरीसाहेब आठवड्यातले काही दिवस कलकत्त्याला शिकवायला असत. सेरामपूरहून होडीनं जायचं, होडीनं यायचं, तीस वर्षं. त्या दिवशी ते कलकत्त्यालाच होते. छापखान्याच्या कागदाच्या कोठीत आग लागली. केरीसाहेबांचा सोबती वॉर्ड, त्यानं दारं-खिडक्या बंद करून, छपरातून पाणी ओतून ती दाबत आणली होती. मग कोणीतरी खिडकी उघडली आणि भडका झाला. चौदा भाषांचे खिळे वितळले. कित्येक वर्षं खपून केलेलं बहुभाषी कोशाचं हस्तलिखित गेलं. हानी सत्तर हजार रुपयांच्या घरातली. दुसरा सोबती मार्शमन, त्यानं सकाळी कलकत्त्याला जाऊन केरीसाहेबांना सांगितलं. पण यंत्रं बाजूच्या खोलीत होती, ती वाचली. राखेत अक्षरांचे पोलादी ठसे सापडले. वितळलेलं शिसं गोळा करून पुन्हा अक्षरं ओतायला घेतली. इंग्लंडात वर्गणी निघाली ती दोन महिन्यांच्या आत पुरी झाली.

"त्याच साली आपली फौज भोपाळला वेढा घालायला निघाली होती," आजोबा न चुकता जोडायचे. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण आजोबांच्या डोक्यात एक साल म्हणजे एक खोली. त्या खोलीत त्या साली जगात जे काही घडलं ते सगळं दाटीवाटीनं बसलेलं असे.

काकूंना, मास्तरीण असल्यामुळे, छापखान्यापेक्षा शाळा जवळच्या. मार्शमन नवरा-बायकोनं सेरामपूरला शाळा काढल्या आणि त्या चालल्या म्हणूनच सगळ्यांचा संसार चालला, हे त्या मुद्दाम सांगत. केरी, मार्शमन, वॉर्ड या तिघांचा एकच गल्ला. केरीसाहेबांचा कॉलेजातला पगार आधी पाचशे, १८०७ ला प्राध्यापक झाल्यावर हजार रुपये. तो सगळा त्या गल्ल्यात, खर्चापुरतं थोडं वगळून. सेरामपूरच्या भोवती खेडोपाडी त्यांनी शंभरावर शाळा काढल्या आणि शिकवलं बंगालीतून. १८१८ ला कॉलेज सुरू झालं ते ३७ पोरांवर. ते निव्वळ पाद्र्यांसाठी नव्हतं. हिंदू पोरंही होती, संस्कृत होतं, पश्चिमेकडचं विज्ञान होतं. याच साली तिथून 'समाचार दर्पण' हे बंगाली वर्तमानपत्र निघालं. काकू म्हणत, "सतीबंदीचा कायदा १८२९ मध्ये झाला ना, तो बंगालीत करायला केरीसाहेबांकडे आला रविवारी. त्यांनी प्रवचन दुसऱ्याला सांगितलं आणि दिवसभर बसून भाषांतर पुरं केलं. एक दिवस उशीर म्हणजे आणखी किती बायका, हा हिशेब." मग काकांकडे बघून, "आमच्याकडे रविवारी गॅसचा नंबरसुद्धा लावायला जात नाहीत."

एका उन्हाळ्यात आम्ही सगळे पचमढीला गेलो होतो. रानातल्या वाटेवर सकाळी एका झाडाखाली फुलांचा सडा पडला होता. पांढऱ्या पाकळ्या, मधे गुलाबीसर तंतूंचा झुबका, वास उग्र. रात्री उमलून सकाळी गळणारं फूल. बरोबरचा वाटाड्या कुंभी म्हणाला. आपल्याकडे त्याला कुंभा म्हणतात. सालीच्या दोरखंडानं पूर्वी तोड्याच्या बंदुका पेटवत. काकांनी टोपी काढली. आम्हाला वाटलं, घाम पुसतायत. ते म्हणाले, "हे केरीसाहेबांचं झाड." कलकत्त्याच्या सरकारी बागेचे रॉक्सबर्ग यांनी मित्राच्या नावावरून त्याला शास्त्रातलं नाव दिलं, केरिया. केरीसाहेबांना झाडांचं वेड होतं. सेरामपूरला त्यांची पाच एकरांची बाग, १८२० साली त्यांनी शेती आणि बागाईतीची संस्था काढली, रॉक्सबर्गचा मोठा ग्रंथ त्यांनीच छापून काढला. १८२३ च्या पुरात बाग वाहून गेली, पुन्हा लावली. शेवटच्या दुखण्यात त्यांना एकच घोर, मी गेल्यावर मार्शमन बागेत गायी सोडेल. मार्शमननं शपथेवर सांगितलं की नाही सोडणार. आमच्या क्वार्टरामागच्या वांग्या-मिरच्यांवर गायींची धाड रोजची, त्यामुळे आजीला एवढ्यापुरते केरीसाहेब अगदी पटले.

एरवी तिला ते पटत नसत. आजीचं सगळं लक्ष त्यांच्या बायकोवर.

डोरोथी तिचं नाव. नवरा जोडे शिवत होता तेव्हाची, १७८१ मधली लग्नाची. लिहिता-वाचता येत नव्हतं; लग्नाच्या नोंदीवर तिनं फुली केली. नवऱ्यानं हिंदुस्थानात जायचं ठरवलं तेव्हा ती पोटुशी होती आणि तिनं साफ नाही म्हटलं. तो थोरल्या पोराला घेऊन निघाला. जहाजाला उशीर झाला म्हणून परत आला, पुन्हा गळ घातली. तेव्हा बाळ तीन-चार आठवड्यांचं. बहीण सोबत येत असेल तर येते, म्हणाली. १३ जून १७९३ ला निघाले, पाच महिने समुद्रावर. बंगालात पैसा नाही, घर नाही, सुंदरबनाच्या कडेला राहायची पाळी. मग मालद्याकडे मदनावतीला निळीच्या कारखान्यावर नोकरी लागली. तिथं १७९४ मध्ये पाच वर्षांचा पीटर हगवणीनं गेला. पुरायला माणूस मिळेना. जो तो जातीला भिऊन मागं सरला. डोरोथीचं मन तिथं जे उतरलं ते पुन्हा चढलं नाही. पुढची बारा वर्षं ती ओरडायची, नवऱ्यावर नाही नाही ते आळ घ्यायची, खोलीत कोंडून ठेवावी लागायची. शेजारच्या खोलीत नवरा भाषांतर करत बसलेला. १८०७ च्या डिसेंबरात ती गेली. सहा महिने होत नाहीत तो केरीसाहेबांनी शार्लोट नावाच्या डॅनिश बाईशी लग्न केलं. ती शिकलेली, सुखात ठेवणारी. ती १८२१ ला गेल्यावर तिसरं.

"म्हणजे पुण्य त्याचं आन् भोग तिचे," आजी म्हणायची. काका समजावत, वहिनी, त्यांनी तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं नाही, लोक सांगत होते तरी नाही. आजोबा समजावत, चाळीस भाषांत बायबल निघालं त्या छापखान्यातून. आजी ऐकून घ्यायची. मान न धरणारी पोर कडेवर घेऊन परक्या गावात उतरलेल्या बाईला चाळीस भाषांचं काय सांगता?

शेवटी एकदा काका सेरामपूरला जाऊन आले. पदवी घेतली तेव्हा जाणं जमलं नव्हतं. परत आल्यावर अंगणात बसून त्यांनी सगळं सांगितलं: नदी, खांबांची कॉलेजची इमारत, दफनभूमी. ९ जून १८३४ ला केरीसाहेब गेले. इस्टेट अशी नव्हतीच. ग्रंथसंग्रह विकून जाबेझ या मुलाला दीड हजार रुपये द्या, असं मृत्युपत्रात लिहून ठेवलेलं. दुसऱ्या बायकोच्या शेजारी पुरा, त्याच दगडावर माझं नाव घाला, हेही लिहून ठेवलेलं.

"आन् पहिली?" आजीनं विचारलं.

"तीही तिथंच आहे वहिनी. त्याच जागेत."

"त्याच्याजवळ?"

काका म्हणाले, जवळ नाही. आजोबांनी घसा खाकरून मृत्युपत्राच्या भाषेबद्दल काहीतरी काढलं. तोवर गप्प असलेल्या काकू म्हणाल्या, "दर ऑगस्टात केरीसाहेबांवर प्रवचन करता. व्याकरण येतं, आग येते, सतीबंदी येते. डोरोथीबाई येते का कधी?"

काकांनी उत्तर दिलं नाही. ऑगस्ट आला, सतरा तारखेच्या जवळचा रविवार आला. चर्चमधून परतताना काकू फाटकाशी थांबल्या. आजी मिरच्यांना पाणी घालत होती.

"आज सांगितलं बरं का त्यांनी. दोन वाक्यं होती. पण सांगितलं."

"दोनच?" आजी म्हणाली, आणि पाणी घालत पुढच्या वाफ्याकडे गेली.